परसबागेतील कीड आणि रोग : रासायनिक उपाय, सेंद्रिय उपाय

मराठीत कीटकनाशकाला सर्रास ‘औषध’ म्हणतात. ‘मिरचीवर मारायला औषध द्या’ असे सांगून कृषी सेवा केंद्रातून आणलेल्या बाटलीत मात्र मिरचीवरच्या जिवाला मारणारे विष असते. ते इमिडाक्लोप्रिड असो वा निंबोळी तेल, काम तेच. म्हणून घरच्या बागेसाठी उपाय निवडताना प्रत्येक बाटलीला तीन प्रश्न विचारावे लागतात : हे कोणाला मारते, किती दिवस टिकते आणि ताटापर्यंत किती पोहोचते. रासायनिक की सेंद्रिय, एवढ्यावरून या तिन्हींची उत्तरे मिळत नाहीत.

शब्दांमागचे पदार्थ

पदार्थ कुठून आला, एवढेच या दोन शब्दांवरून कळते. कारखान्यात रेणूची जुळणी करून बनवलेल्या संश्लेषित पदार्थांना व्यवहारात रासायनिक म्हटले जाते. सेंद्रिय म्हणून चालणाऱ्या उपायांत तीन वेगवेगळी कुळे एकत्र नांदतात : निंबोळी किंवा पायरेथ्रम यांसारखे वनस्पतींचे अर्क, ट्रायकोडर्मा, बीटी यांसारखे सूक्ष्मजीव, आणि गंधक, मोरचूद यांसारखी खनिजे.

यांतली खनिजे तर सरळसरळ रसायनेच आहेत. फ्रान्समधील बोर्दो परिसरात रस्त्याकडेची द्राक्षे वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून बागायतदार वेलींवर मोरचूद आणि चुन्याचे निळसर मिश्रण शिंपडत. त्याच वेलींवर केवडा रोग कमी दिसतो, हे बोर्दो विद्यापीठातील पिएर-मारी-अलेक्सी मियार्दे यांच्या लक्षात आले आणि १८८५ मध्ये त्यांनी त्याची कृती प्रसिद्ध केली. हेच बोर्डो मिश्रण. एक टक्क्याचे मिश्रण म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. कोकणात आणि गोव्यात सुपारीवरच्या कोळेरोगासाठी पावसाळ्यात ते आजही फवारतात. सेंद्रिय शेतीत त्याला परवानगी आहे. पण त्यातले तांबे कुजत नाही, उडून जात नाही, वर्षानुवर्षे मातीत साठत राहते आणि गांडुळांना अपाय करते. म्हणून युरोपीय संघाने शेतातल्या तांब्यावर सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे वर्षाला सरासरी ४ किलो, अशी मर्यादा घातली आहे. कुंडीतल्या चार-पाच किलो मातीत वारंवार तांबे पडले तर ते जायला वाटच नसते.

वनस्पतिजन्य म्हणजे सौम्य, हा समजही टिकत नाही. काही वनस्पतींच्या मुळांपासून मिळणारे रोटेनोन जगभर सेंद्रिय कीटकनाशक म्हणून अनेक दशके वापरले गेले. ते माशांना अत्यंत घातक आहे आणि त्याच्या संपर्काचा पार्किन्सनच्या आजाराशी संबंध असल्याचे अभ्यासांत दिसल्यावर बहुतेक देशांनी त्याचा शेतीतील वापर थांबवला. तंबाखूचा काढा आजही घरगुती उपाय म्हणून सुचवला जातो. त्यातले निकोटीन तीव्र विष आहे आणि ते कातडीतूनही शरीरात शिरते. ओली तंबाखूची पाने हाताळणाऱ्या मजुरांना मळमळ, उलटी, चक्कर येते ती याचमुळे. शिवाय तंबाखूवरील मोझॅक विषाणू काढ्यातून आणि हातांमधून टोमॅटो-मिरचीला लागू शकतो. दशपर्णी अर्काच्या अनेक पाककृतींत कण्हेर आणि धोतरा असतात. कण्हेरीतील द्रव्ये हृदयावर परिणाम करतात, धोतऱ्यातील मेंदूवर. असा अर्क कोथिंबिरीवर किंवा पालकावर मारून दुसऱ्या दिवशी भाजी करणे धोक्याचे आहे.

संश्लेषित पदार्थही एका माळेचे मणी नाहीत. डीडीटीचा कीटकनाशक गुण पाउल म्युलर यांनी १९३९ मध्ये शोधला आणि १९४८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा पदार्थ चरबीत साठतो आणि अन्नसाखळीत वर वर चढत जातो, हे पुढे उघड झाले. भारतात शेतीसाठी त्यावर १९८९ मध्ये बंदी आली. त्यानंतरची ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके तुलनेने लवकर विघटित होतात, पण ती मज्जासंस्थेवर घाला घालतात. सिंथेटिक पायरेथ्रॉइड्स ही तर शेवंतीच्या कुळातील फुलांपासून मिळणाऱ्या पायरेथ्रमची कारखान्यात घडवलेली भावंडे. मूळ पायरेथ्रम उन्हात लवकर निष्प्रभ होते. त्याचे संश्लेषित रूप मुद्दाम उन्हात टिकेल असे बनवले गेले. एकाच जातीच्या विषाची ही दोन रूपे वेगळी ठरतात ती टिकाऊपणामुळे.

मोजण्याच्या चार कसोट्या

पहिली कसोटी तीव्र विषारीपणाची. भारतात कीटकनाशकाच्या वेष्टनावर रंगीत त्रिकोण छापणे बंधनकारक आहे. लाल त्रिकोण सर्वांत विषारी. त्यानंतर पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. प्रयोगशाळेतील निम्मे प्राणी मारणारी तोंडावाटेची मात्रा वजनाच्या दर किलोला ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा आणि त्यापुढे हिरवा. उंदरांवरील चाचण्यांत ही मात्रा मोरचुदासाठी साधारण ३०० ते ५०० मिलिग्रॅम आहे, तर मॅलॅथिऑन या संश्लेषित कीटकनाशकासाठी १००० च्या वर. म्हणजे तेवढ्यापुरते मोरचूद अधिक विषारी. मात्र त्रिकोण फक्त तात्काळ विषबाधेचा अंदाज देतो. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने याच मॅलॅथिऑनला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकले. ती गोष्ट त्रिकोणाच्या रंगात दिसत नाही. मधमाशीला किंवा माशाला ते किती घातक, हेही रंग सांगत नाही.

दुसरी कसोटी निवडकपणाची. बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, या जिवाणूतील प्रथिनाचे स्फटिक अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळून विषारी होतात. माणसाच्या आम्लयुक्त जठरात ते तसे काम करत नाहीत. मावा, मधमाशी, ढालकिडा यांनाही त्या बीटीने अपाय होत नाही. या उलट पायरेथ्रॉइड समोर येईल त्या कीटकाला लोळवते. अशा फवाऱ्यानंतर लाल कोळी एकाएकी वाढल्याचे दिसते, कारण कोळ्याला खाणारे कीटक आणि परभक्षी कोळी आधी मरतात आणि लाल कोळी वाचतो. पुढची फवारणी मग मागच्या फवारणीमुळे करावी लागते.

तिसरी कसोटी टिकण्याची. निंबोळीतील अझाडिरॅक्टिन उन्हात काही दिवसांत मोडते. म्हणून ते संध्याकाळी फवारायचे असते. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही कीटकनाशके रसासोबत सगळ्या झाडात फिरतात. रस शोषणाऱ्या किडीवर ती म्हणूनच प्रभावी असतात; पण तो अंश फुलातल्या मकरंदात आणि फळातही पोहोचतो, बाहेरून धुऊन जात नाही. मधमाश्यांवरील परिणामांमुळे युरोपीय संघाने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिडचा उघड्यावरील वापर थांबवला.

चौथी कसोटी परिणामाची. जे किडीला पोहोचतच नाही ते कितीही निरुपद्रवी असले तरी उपयोगाचे नाही. वांग्यात शिरलेल्या अळीवर साबणाचे पाणी मारून काही होत नाही. विषाणूजन्य रोगावर तर दोन्ही गटांत उपाय नाही. भेंडीची पाने हळद्या रोगाने पिवळ्या जाळीदार शिरांची झाली किंवा मिरचीला बोकड्या झाला की ते झाड उपटणे आणि रोग पसरवणाऱ्या पांढरी माशी, फुलकिडे यांना आवरणे एवढेच हाती उरते.

परसबाग शेतापेक्षा वेगळी का

लेबलवरची शिफारस शेतासाठी लिहिलेली असते आणि तिथेच घरगुती वापरात घोटाळा होतो. अनेक संश्लेषित कीटकनाशकांची मात्रा लिटरला अर्धा मिलिलिटर किंवा त्याहूनही कमी असते. दहा कुंड्यांना लिटरभर पाणी पुरते, आणि अर्धा मिलिलिटर बुचाने मोजता येत नाही. ‘थोडे जास्त पडले तर बरेच’ म्हणत ओतलेले बूच दहापट मात्रा देऊ शकते. सुई काढलेली १ मिलिलिटरची सिरिंज हाताशी नसेल तर असे द्रव घरात वापरूच नये. निंबोळीच्या बाटल्यांबाबतही हीच दक्षता हवी : बाजारात ३०० पीपीएमपासून १०,००० पीपीएमपर्यंत अझाडिरॅक्टिन असलेली उत्पादने मिळतात, म्हणजे ताकदीत तेहतीस पट फरक. ‘लिटरला पाच मिलिलिटर’ हे ऐकीव प्रमाण सगळ्यांना लागू पडत नाही.

दुसरा फरक तोडणीचा. फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जावेत, हे लेबलवर लिहिलेले असते. घरच्या बागेत भेंडी एक दिवसाआड, मिरची लागेल तेव्हा आणि कढीपत्ता रोज तोडला जातो. सात दिवसांचा प्रतीक्षाकाळ असेल तर आठवडाभराची भेंडी निबर होऊ द्यावी लागते. हे पाळण्याची तयारी नसेल तर ते औषध त्या झाडासाठी नाही.

तिसरा फरक शेजाराचा. गच्चीवर पाण्याची टाकी असते, शेजारच्या दोरीवर कपडे वाळत असतात, खालच्या मजल्यावर खिडकी उघडी असते. शेताच्या बांधावर वाऱ्यात विरून जाणारा तुषार इथे कोणाच्या तरी घरात जातो.

आणि चौथा फरक परसबागेच्या बाजूचा आहे. एकरभर कापसावरच्या अळ्या हाताने वेचणे अशक्य. वीस कुंड्यांवरच्या अळ्या चहा पिता पिता वेचता येतात. शेतकऱ्याला जे परवडत नाही ते लक्ष, तो हात आणि तो वेळ घरच्या बागेला मिळू शकतो. कोणत्याही बाटलीआधी हे साधन वापरायचे.

आधी ओळख, मग उपाय

पिवळे पान म्हणजे रोग नव्हे. कुंडीत पाणी साचून मुळे गुदमरली तरी पाने पिवळी पडतात आणि अशा झाडावर बुरशीनाशक मारणे वाया जाते. पान कुरतडलेले असेल तर अळी, नाकतोडा किंवा गोगलगाय. पान चिकट आणि वर काळी बुरशी असेल तर मावा, पिठ्या ढेकूण, खवले कीड किंवा पांढरी माशी. पानात नागमोडी पांढऱ्या रेघा असतील तर नागअळी. पानाच्या वर पांढरी पूड दिसली की भुरी. गोल तपकिरी डाग वाढत पान करपले की करपा. महाराष्ट्रात पावसाळा करपा, रोपे कोलमडणे आणि गोगलगायींचा. दिवाळीनंतरची थंडी मावा आणि भुरीची. उन्हाळा लाल कोळी, फुलकिडे आणि पिठ्या ढेकणाचा.

ओळखीबरोबरच नुकसानाचा हिशेबही करावा लागतो. लिंबाची आणि कढीपत्त्याची पाने खाणारी हिरवी अळी लवकरच फुलपाखरू होते. मोठे झाड ती दोन-चार पाने सहज सोसते. माव्याच्या थव्यात ढालकिड्याच्या करड्या, काटेरी, मगरीसारख्या दिसणाऱ्या अळ्या फिरत असतील तर आठवडाभर थांबणे शहाणपणाचे. त्यांना कीड समजून मारणे ही घरच्या बागेत वारंवार होणारी चूक आहे.

मित्रकीटक किती मोठे काम करतात, हे पपईवरील पिठ्या ढेकणाने दाखवले. ही परदेशी कीड २००८ मध्ये कोइमतूरला आढळली, पुढे महाराष्ट्रातही पसरली. कीटकनाशके तिच्या मेणचट आवरणापुढे हतबल ठरली. २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून ॲसेरोफॅगस पपाये नावाची अगदी चिमुकली परजीवी गांधीलमाशी आणून सोडण्यात आली आणि थोड्याच काळात कीड आटोक्यात आली. या काळात फवारणी चालू ठेवली असती तर आधी मेली असती ती ही गांधीलमाशी.

कोणत्या त्रासाला काय

मऊ अंगाच्या रसशोषक किडींना पहिला उपाय पाण्याचा जोरदार फवारा. मावा त्यानेच बराच पडतो. त्यानंतर लिटरला साधारण ५ मिलिलिटर सौम्य द्रव साबण. साबण किडीच्या अंगावरचा मेणाचा थर मोडतो. ओला असेपर्यंतच काम करतो, त्यामुळे पानाची खालची बाजू भिजवावी लागते. कपड्यांची डिटर्जंट पावडर पाने जाळते. पाच टक्के निंबोळी अर्कासाठी ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्यांची भरड रात्रभर थोड्या पाण्यात भिजवून, गाळून, लिटरभर करायचे. निंबोळी झटपट मारत नाही. कीड खाणे सोडते आणि अळीची कात नीट पडत नाही. परिणाम दिसायला काही दिवस लागतात. दुसऱ्याच दिवशी ‘काही झाले नाही’ म्हणून जहाल औषधाकडे वळणे म्हणजे तिला काम करू न देणे.

शेवग्यावरच्या केसाळ अळ्या किंवा कोबीवरच्या अळ्यांना बीटी लहान वयातच द्यावे. वांग्याचा मलूल शेंडा दिसताच अळीसकट कापून नष्ट केला तर फळे वाचतात. कारले, दोडका, काकडीवरच्या फळमाशीला फळ लिंबाएवढे होण्याआधीच कागदी पिशवी घालणे हा सगळ्यांत खात्रीचा उपाय. सोबत क्यू-ल्यूरचा कामगंध सापळा. आंबा-पेरूवरील फळमाशीचे नर मिथाइल युजेनॉलकडे येतात. त्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने रक्षक सापळा विकसित केला आहे.

रोगांत प्रतिबंधच निम्मे काम करतो. रोपे कोलमडू नयेत म्हणून बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळणे आणि कुंडीला निचरा देणे पुरेसे ठरते. ट्रायकोडर्मा स्वतः बुरशी आहे. त्याच मातीत रासायनिक बुरशीनाशक ओतले तर तीच मरते. भुरीला पाण्यात विरघळणारे गंधक गुणकारी आहे, पण पारा ३५ अंशांकडे सरकला की त्याने पाने भाजतात आणि काकडीवर्गीय वेली त्याला विशेष नाजूक असतात. १९९९ मध्ये ब्राझीलमधील वॅग्नर बेटिओल यांनी झुकिनीच्या भुरीवर दहा टक्के दुधाचा फवारा नेहमीच्या बुरशीनाशकाइतका उपयोगी पडल्याचे दाखवले.

संश्लेषित औषध कधी

काही ठिकाणी सौम्य उपाय अपुरे पडतात. कोकणातल्या परसातल्या माडाचे खोड सोंड्या भुंग्याच्या अळ्या आतून पोखरतात; बाहेरून मारलेला अर्क तिथवर जात नाही आणि झाड वाचवायचे तर कृषी सहायकाच्या सल्ल्याने खोडात कीटकनाशक सोडावे लागते. संततधार पावसात टोमॅटोचा करपा वेगाने चढत असेल तर शिफारशीतले बुरशीनाशक एक-दोनदा वापरणे समजण्यासारखे आहे. न खाल्ल्या जाणाऱ्या शोभेच्या झाडावर हात, पाणी, साबण, निंबोळी हे सगळे करूनही खवले कीड हटत नसेल तर तेथेही.

अशा वेळी हिरव्या किंवा निळ्या त्रिकोणाचे आणि लेबलवर त्या पिकाचे नाव असलेले औषध निवडायचे. एकच गट पुनःपुन्हा वापरल्याने वाचलेल्या किडींची पिढी त्या विषाला पुरून उरते, म्हणून दुसऱ्या वेळी वेगळ्या गटातले घ्यायचे. फुले उघडी असताना फवारायचे नाही. कारले-काकडीची फुले सकाळी उमलतात, मधमाश्या तेव्हाच येतात आणि त्या गेल्या तर फळच धरत नाही.

हाताळणी

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. घरच्या बागेत मात्रा लहान असते, पण विष शरीरात शिरण्याच्या वाटा त्याच : श्वास, कातडी, तोंड. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि चष्मा घालूनच मिश्रण करावे, वाऱ्याच्या दिशेला पाठ ठेवून फवारावे, नंतर साबणाने अंघोळ करावी. गच्चीवरील टाकीचे झाकण आधी लावावे. सेंद्रिय अर्कालाही हे नियम लागू आहेत.

औषध मूळ बाटलीतच, कुलपात ठेवावे. सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ओतलेले विष मुलांच्या हाती लागते. मिश्रण लागेल तेवढेच करावे आणि उरलेले मोरीत ओतू नये. विषबाधेची शंका आल्यास उलटी करवत न बसता १०८ वर फोन करावा आणि लेबलसकट बाटली दवाखान्यात न्यावी; डॉक्टरांना त्यातला घटक कळणे उपचारासाठी गरजेचे असते.

एक उदाहरण

जास्वंदीच्या शेंड्याला पांढरा कापूस दिसला की तो बहुधा पिठ्या ढेकूण असतो. खोडावर मुंग्यांची रांग आहे का ते पाहावे, कारण मुंग्या त्याचा गोड स्राव खातात आणि त्याच्या शत्रूंना हुसकावतात; आधी त्यांची वाट तोडावी. जास्त लागण झालेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाकावेत. उरलेली कीड जुन्या दात घासण्याच्या ब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढावी. पाच-सात दिवसांनी पिल्ले निघाली असतील म्हणून पुन्हा साबण, मग संध्याकाळी निंबोळी. दमट हवेत लेकॅनिसिलियम ही कीटकभक्षी बुरशी लिटरला ५ ग्रॅम प्रमाणात उपयोगी पडते. महिनाभर हे करूनही झाड सुकतच राहिले तर आंतरप्रवाही कीटकनाशकाचा विचार करता येतो. मात्र त्या फुलांचा चहा, तेल किंवा लेप घरात होत असेल तर तेव्हाही नाही. त्यापेक्षा ते झाड काढून निरोगी फांदीचे नवे कलम लावणे स्वस्त आणि निर्धोक.